कात्रीने रेखलेला रंग : मातिस यांचे ‘जाझ’

आंरी मातिस या फ्रेंच चित्रकाराचे ‘जाझ’ हे पुस्तक ३० सप्टेंबर १९४७ रोजी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मातिस ७७ वर्षांचे होते आणि आयुष्यातील अखेरच्या, पण सर्वांत धाडसी, पर्वात ते प्रवेश करत होते. रंगवलेले कागद कात्रीने कापून व एकमेकांवर चिकटवून त्यांनी तयार केलेल्या वीस रचना, त्या रचनांवरून कापलेल्या साच्यांमधून हाताने रंग भरून काढलेली छापचित्रे, आणि त्यांच्या जोडीला खुद्द मातिस यांच्या हस्ताक्षरातील मजकूर, असे या पुस्तकाचे स्वरूप आहे. पान सुमारे ४२ सेंटिमीटर उंच आणि ३२ सेंटिमीटर रुंद असून बहुतेक चित्रे समोरासमोरची दोन पाने व्यापून पसरलेली आहेत. पुस्तकाच्या २५० क्रमांकित प्रती निघाल्या, विक्रीसाठी नसलेल्या २० प्रती वेगळ्या काढल्या गेल्या, आणि मजकूर वगळून केवळ चित्रांचे १०० संच स्वतंत्रपणे तयार झाले. इतक्या मोजक्या प्रतींच्या या पुस्तकातील चित्रे पुढे भित्तिपत्रके, दिनदर्शिका आणि शुभेच्छापत्रे यांच्या रूपाने जगभर पोहोचली. मात्र ती कशी घडली आणि ज्या पुस्तकासाठी घडली त्यात त्यांचे स्थान काय होते, हे फारसे कोणी जाणत नाही.

चित्रकाराने एखाद्या साहित्यकृतीसाठी मूळ छापचित्रे करावीत आणि उत्तम कागदावर, मर्यादित प्रतींत तिची आवृत्ती निघावी, ही प्रथा फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुजली होती. आंब्रोआज व्होलार या चित्रविक्रेत्याने १९०० मध्ये पिएर बोनार यांच्याकडून व्हर्लेनच्या कवितांसाठी चित्रे करून घेतली, तेथून या परंपरेचा आधुनिक प्रवाह सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते. मातिस यांनीही १९३२ मध्ये मालार्मेच्या कवितांसाठी ताम्रपटावर रेखाचित्रे कोरली होती. अशा पुस्तकांत साधारणपणे शब्द आधी आणि चित्र नंतर असते, म्हणजे चित्रकार कवीच्या मागोमाग चालतो. ‘जाझ’मध्ये मात्र हा क्रम उलटला असून तेथे चित्रे आधी झाली, आणि मजकूर १९४६ मध्ये, चित्रांना सोबत म्हणून, चित्रकारानेच लिहिला.

कात्री मातिस यांच्या हाती अचानक आली नाही. फ्रान्सच्या उत्तरेकडील ज्या बोएँ गावात त्यांचे बालपण गेले ते विणकरांचे गाव होते, आणि कापड, त्यावरील नक्षी व रंगांची शेजारशेजारची मांडणी यांची ओढ त्यांच्या चित्रांत प्रारंभापासून दिसते. १९३० नंतर अमेरिकेतील बार्न्स संग्रहासाठी ‘नृत्य’ हे प्रचंड भित्तिचित्र करताना, आकृती वारंवार पुसून पुन्हा रंगवण्याऐवजी रंगवलेल्या कागदाचे तुकडे टाचण्यांनी लावून ते हवे तसे सरकवण्याची युक्ती त्यांनी अवलंबली. पुढे ‘जाझ’चे प्रकाशक झालेल्या तेरियाद यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या ‘व्हर्व’ या कलाविषयक नियतकालिकाच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठही त्यांनी कापलेल्या कागदांतूनच रचले. तोवर हे कातरकाम म्हणजे केवळ एक साधन होते. चित्राकडे जाण्याचा टप्पा होता, चित्र नव्हे.

ही स्थिती बदलण्यास आजारपण कारणीभूत ठरले. जानेवारी १९४१ मध्ये लिओं येथे मातिस यांच्यावर आतड्याच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ते वाचले, आणि या वाचण्याला ते स्वतः दुसरा जन्म मानत. परंतु यानंतर फार वेळ उभे राहणे त्यांना शक्य नव्हते आणि दिवसाचा मोठा भाग अंथरुणात किंवा चाकांच्या खुर्चीत जात असे. महायुद्ध चालू होते. नीस शहरावर बॉम्बहल्ल्यांचा धोका निर्माण झाल्याने १९४३ मध्ये ते जवळच्याच डोंगरातील व्हांस या गावी राहण्यास गेले. तेथे सहायकांनी कागदाचे ताव एकेका रंगाने रंगवावेत, ते वाळवावेत आणि मातिस यांनी अंथरुणात बसून मोठ्या कात्रीने त्यांतून थेट आकार कापावेत, अशी पद्धत सुरू झाली. आधी पेन्सिलीने रेखाटन करून मग रेषेवरून कापणे असा हा प्रकार नव्हता. कात्री रंगात शिरते तीच रेषा आणि कापून हाती येतो तोच रंग, म्हणजे रेखाटन आणि रंगभरण या दोन क्रिया येथे एक होतात. शिल्पकार दगडात थेट कोरतो त्या कामाशी मातिस यांनी याचे नाते जोडले आहे. चित्रकलेच्या इतिहासात रेषा श्रेष्ठ की रंग, हा वाद शतकानुशतके चालत आला असून मातिस यांनाही तो आयुष्यभर छळत होता. म्हणून या कात्रीचे मोल केवळ आजाऱ्याची सोय एवढेच धरणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

या कागदांसाठी वापरलेला रंग म्हणजे गुआश. जलरंगातच पांढरे द्रव्य व अधिक रंगद्रव्य मिसळून तो अपारदर्शक केलेला असतो. वाळल्यावर त्याला चकाकी राहत नाही आणि त्याचा पृष्ठभाग मखमली, दाट व सपाट दिसतो. मातिस लिनेल या कंपनीचे गुआश वापरत आणि त्यातील छटा त्यांनी अत्यंत काटेकोरपणे निवडलेल्या होत्या. येथेच प्रकाशकाची अडचण सुरू झाली. तेरियाद हे लेस्बॉस बेटावरून पॅरिसला येऊन स्थायिक झालेले ग्रीक गृहस्थ. चित्रकाराच्या रंगासाठीच रचलेले पुस्तक मातिस यांच्याकडून मिळावे म्हणून त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. मात्र हाती आलेल्या कागदी रचना छापायच्या कशा, हे ठरण्यास काही वर्षे लागली. नेहमीच्या रंगीत छपाईत मोजक्या शाईंचे सूक्ष्म ठिपके शेजारी शेजारी पडतात आणि त्यांच्या मिश्रणातून डोळ्याला हव्या त्या रंगाचा भास होतो. त्या पद्धतीने गुआशची घनता साधत नाही. इतर छपाईतंत्रांचे प्रयोगही समाधान देईनात. अखेर निवड झाली ती पोश्वार या तंत्राची, कारण त्यात छपाईची शाई लागतच नाही. ज्या लिनेल गुआशने मूळ कागद रंगवले होते, तेच गुआश पुस्तकाच्या पानावरही लावता येणार होते.

पोश्वार म्हणजे साच्यातून हाताने रंग भरण्याची पद्धत. धान्याच्या पोत्यांवर व्यापाऱ्याचे नाव उमटवण्यासाठी पत्र्यात अक्षरे कापतात आणि त्यावरून रंगाचा बोळा फिरवतात, तत्त्व तेच. पण फ्रेंच कारागिरांनी ते फार सूक्ष्म पातळीवर नेले होते. युरोपात पत्त्यांचे खेळ आणि एपिनाल गावची लोकप्रिय धार्मिक व ऐतिहासिक चित्रे यांना रंग देण्यासाठी साचे पूर्वापार वापरले जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानचे साचे युरोपात पोहोचले. कापडावर नक्षी उठवण्यासाठी तुतीच्या कागदाला पर्सिमन फळाचा रस पाजून, तो टणक करून कापलेले हे साचे इतके नाजूक होते की त्यांनी तेथील कलावंतांना स्तिमित केले. त्यानंतर, विशेषतः १९१० ते १९३० या काळात, पॅरिसमध्ये पोश्वारची भरभराट झाली. वेशभूषेच्या उंची नियतकालिकांतील जॉर्ज बार्बिए यांची चित्रे, वास्तुसजावटीचे नमुनासंग्रह, ब्लेज सांद्रार यांच्या सायबेरियातील रेल्वेप्रवासाच्या दीर्घ कवितेसाठी सोनिया दलोने यांनी १९१३ मध्ये केलेली रंगरचना, अशी कितीतरी कामे या तंत्राने झाली. जाँ सोदे या निष्णात कारागिराने तर १९२५ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला.

या कामाची रीत अशी. मूळ चित्र समोर ठेवून कारागीर प्रथम त्यातील रंगांचे पृथक्करण करतो, म्हणजे कोणता रंग कोठे आहे, कोणता आधी आणि कोणता नंतर लावायचा हे ठरवतो. मग प्रत्येक रंगासाठी जस्त, तांबे किंवा अन्य धातूचा पातळ पत्रा, अथवा सेल्युलॉइडसारखा ताव घेऊन, त्यात त्या रंगापुरता आकार धारदार सुरीने कापतो. हे कापणे सर्वांत कौशल्याचे, कारण मूळ रेषेचा डौल येथे गेला तर तो पुढे कोणीही परत आणू शकत नाही. तयार साचा कागदावर खुणेच्या जागी अचूक बसवून, आखूड व दाट केसांच्या गोल कुंचल्याने रंग टिपत किंवा फिरवत लावला जातो. रंग फार पातळ झाला तर तो साच्याच्या कडेखाली झिरपतो आणि फार घट्ट झाला तर थर असमान बसतो. साचा उचलायचा, ताव वाळू द्यायचा आणि पुढच्या रंगाचा साचा लावायचा. एका चित्रात जितके रंग आणि जितके आकार, तितक्या वेळा ही क्रिया पुन्हा करावी लागते. छपाईयंत्राचा दाब येथे नसतो, त्यामुळे रंग कागदात मुरण्याऐवजी कागदावर बसतो, आणि बारकाईने पाहिल्यास आकाराच्या कडेला रंगाचा अगदी पुसट उंचवटा दिसतो.

‘जाझ’ची चित्रे एदमों व्हेरेल यांनी पोश्वारने सिद्ध केली, हस्तलिखिताची पाने कोरून छापण्याचे काम द्रेगेर बंधूंच्या मुद्रणालयाने केले, कागद आर्श येथील प्रसिद्ध कागद होता. व्हेरेल यांच्या कामाचा आवाका साध्या हिशेबाने कळतो. २७० प्रती आणि १०० संच, प्रत्येकात २० चित्रे, म्हणजे ७,४०० चित्रे हाताने रंगवली गेली, आणि प्रत्येक चित्रात एकाहून अधिक रंगांचे थर होते. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत या चित्रांखाली केवळ मातिस यांचे नाव येते, तेव्हा या हजारो तावांवर झुकलेल्या हातांचा विसर पडतो. आज ज्या रंगाने ‘जाझ’ ओळखले जाते तो रंग प्रत्यक्ष त्या हातांनी लावलेला आहे, आणि व्हेरेल यांचे नाव मातिस यांच्या नावाशेजारी छापले जाणे हेच न्याय्य ठरेल.

चित्रांचे विषय बहुतांशी सर्कशीचे आहेत. विदूषक, रिंगणाचा सूत्रधार मस्य लोयाल, तलवारी गिळणारा, सुऱ्या फेकणारा, झोपाळ्यावरचे कसरतपटू, पाण्याच्या टाकीतील जलतरणपटू अशी ही मिरवणूक आहे, आणि पुस्तकाचे नियोजित नावही आरंभी ‘सर्कस’ असेच होते. पण रंगांची ही आतषबाजी सर्वत्र आनंदी नाही. ‘पांढऱ्या हत्तीचे दुःस्वप्न’ या चित्रात हत्ती चेंडूवर तोल सांभाळून उभा आहे आणि लाल, टोकदार पट्टे त्याचे शरीर भेदून जात आहेत. दिव्यांच्या झगमगाटात खेळ करून दाखवणाऱ्या या प्राण्याला मूळ अरण्याच्या आठवणी अग्निज्वालांसारख्या छळतात, असा त्याचा आशय मातिस यांनी सांगितल्याची नोंद आहे. ‘पिएरोची अंत्ययात्रा’मध्ये विदूषकाची शववाहिका घोडा ओढून नेतो.

सर्वांत गाजलेले चित्र ‘इकारस’चे. ग्रीक पुराणकथेतील इकारस मेणाने जोडलेले पंख लावून उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला आणि मेण वितळून समुद्रात कोसळला. मातिस यांनी ही सारी कथा चार रंगांत आणली आहे. गर्द निळ्या पार्श्वभूमीवर काळी, सैल अवयवांची मानवाकृती आहे, सभोवती पिवळ्या, अणकुचीदार चांदण्या आहेत आणि छातीत एक लहानसा लाल ठिपका आहे. आकृती पडते आहे की नाचते आहे, हे डोळा ठरवू शकत नाही, कारण तिचे हात पंखांसारखे उचललेले आहेत आणि पाय कोठेच टेकलेले नाहीत. कवी लुई आरागाँ यांनी या पिवळ्या चांदण्यांत फुटणाऱ्या तोफगोळ्यांचा भास दर्शवला आहे आणि तो पटण्याजोगा आहे. फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता; प्रतिकार चळवळीत काम करणाऱ्या मातिस यांच्या पत्नी आमेली आणि कन्या मार्गरित यांना १९४४ मध्ये गेस्टापोने अटक केली, आणि मार्गरित यांचा अनन्वित छळ झाला. ‘लांडगा’ या चित्रातही अनेक समीक्षकांना गेस्टापो दिसतो. तरीही प्रत्येक आकाराला युद्धातील एकेका घटनेचे लेबल लावणे योग्य नाही. त्या लाल ठिपक्याचे सामर्थ्य असे की तो हृदयही आहे आणि जखमही, आणि दोहोंपैकी एकच अर्थ पक्का केला की चित्र लहान होते.

तंत्राच्या दृष्टीने पाहायचे तर ‘आकार’ हे साधे चित्र अधिक शिकवते. समोरासमोरच्या पानांवर दोन स्त्रीधडे असून एका पानावर निळ्यात पांढरे आणि दुसऱ्यावर पांढऱ्यात निळे धड दिसते. कागदातून आकार कापून काढला की हाती दोन वस्तू येतात, एक कापलेला आकार आणि दुसरी त्या आकाराची पोकळी राहिलेला उर्वरित कागद. बहुतेक जण ही दुसरी वस्तू टाकून देतात. मातिस यांनी ती पोकळीही आकृतीइतकीच बोलकी मानली. साच्याचे सारे तंत्र या पोकळीवरच उभे असते, म्हणून या चित्रात कात्री आणि पोश्वार यांचा मेळ जितका नैसर्गिक वाटतो तितका अन्यत्र क्वचितच. पुस्तकातील ‘खाजण-सरोवर’ नावाची तीन चित्रेही याच जातीची आहेत. १९३० मध्ये मातिस ताहितीला आणि तुआमोतू बेटांवर गेले होते, तेथील प्रवाळी पाण्यात पोहले होते; त्या पाण्यातील वनस्पतींचे लवचीक, बोटांसारखे फाटे कागदावर उतरण्यास पुढे इतकी वर्षे जावी लागली.

एवढे तीव्र रंग एकापाठोपाठ एक आले तर डोळा थकतो आणि दुसरे चित्र पहिल्याला मारते, हे मातिस यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी चित्रांच्या मध्ये पांढऱ्या पानांवर काळ्या अक्षरांचा विसावा दिला. कुंचल्याने लिहिलेली, मोठी, वळणदार अक्षरे एका पानावर मोजक्याच ओळी व्यापतात. या मजकुराचे प्रयोजन केवळ दृश्य आहे, पुष्पगुच्छात मुख्य फुलांच्या सोबतीला लहान फुले खोवतात तसे, असे त्यांनी पुस्तकातच स्पष्ट केले आहे. वाचकाने मात्र त्यांच्या या विनयावर फार विश्वास ठेवू नये. विमानप्रवास, बागेतील फुले, कात्रीने रेखाटणे, कलावंताने स्वतःच्या यशाचा कैदी न होणे, काम करताना जाणवणारी श्रद्धा अशा विषयांवरील ही टिपणे एका वृद्ध कलावंताचे प्रांजळ चिंतन आहेत. पुस्तकाचे शीर्षक चित्रांशी थेट जुळत नाही, कारण वीसपैकी एकाही चित्रात वादक नाही. पण ठरलेल्या धुनेच्या चौकटीत वादकाने आयत्या वेळी स्वर रचत जावे, ही जाझ संगीताची रीत कात्रीच्या या कामाला लागू पडते, आणि अक्षरांच्या काळ्या-पांढऱ्या लयीतून अवचित उसळणारे रंग हेही त्या शीर्षकाला साजेसे आहेत.

पुस्तकाचे स्वागत उत्साहाने झाले. खुद्द मातिस मात्र असमाधानी होते. १९४७ च्या डिसेंबरात आपले मित्र आंद्रे रुवेर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी छापील चित्रे सपशेल फसली असे म्हटले; कागदी रचनांमध्ये जी संवेदना होती ती या रूपांतरात नाहीशी झाली, अशी त्यांची तक्रार होती. रंग तोच, आकार तेच, मग गेले काय, हे समजण्यासाठी मूळ रचना आठवाव्या लागतात. तेथे कागदावर कागद चढलेला आहे, कडा किंचित उचललेल्या आहेत आणि त्यांची बारीक सावली पडते. तावावर रंग फिरवताना कुंचल्याचे फटकारे राहिले आहेत आणि प्रत्येक तुकड्यात त्यांची दिशा वेगळी आहे. टाचण्यांची भोकेही कोठे कोठे दिसतात. पोश्वारने हे सारे एका पातळीवर आणले. जे थरांचे होते ते सपाट झाले, जे कापलेले होते ते रंगवलेले झाले.

मातिस यांची ही नाराजी फार फलदायी ठरली. कापलेला कागद ही छपाईची पूर्वतयारी नसून तीच पूर्ण कलाकृती होऊ शकते, या जाणिवेने त्यांनी पुढील वर्षांत काम केले. व्हांस येथील चॅपलच्या रंगीत काचांची संकल्पचित्रे, १९५२ ची ‘निळी विवस्त्रा’ मालिका व ‘जलतरण तलाव’, १९५३ ची ‘गोगलगाय’ ही सारी कामे त्या वाटेवरची आहेत. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे मृत्यू येईपर्यंत कात्री त्यांच्या हातून सुटली नाही. मात्र ‘जाझ’ फसले हा त्यांचा निर्णय जसाच्या तसा स्वीकारण्याचे कारण नाही. मूळ रचनांची नक्कल म्हणून पुस्तक उणे आहे हे खरे. पण पुस्तक म्हणून, पानांच्या क्रमाने, अक्षरे आणि रंग यांच्या आलटून-पालटून येण्याने ते जे साधते ते भिंतीवर टांगलेल्या कागदांना साधणारे नाही. चित्रकाराला आपल्या हातचा स्पर्श हरवल्याचे दुःख झाले. ज्या वाचकाने तो स्पर्श पाहिला नाही त्याला मात्र रंगाचा असा दाट, निर्भेळ देह दुसऱ्या कोणत्याही छापील पुस्तकात क्वचितच भेटतो.

मूळ कागदी रचना आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत, आणि २०१४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये मातिस यांच्या कातरचित्रांचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा त्या पुस्तकासोबत मांडण्यात आल्या होत्या. पुस्तकाच्या प्रती जगातील अनेक मोठ्या संग्रहालयांत आहेत, पण त्या बहुधा सुटी पाने चौकटीत बसवूनच दाखवल्या जातात, आणि घरोघरी पोहोचलेल्या छायाप्रतींतून तर हस्ताक्षराची पाने पूर्णपणे गळालेली असतात. म्हणून ज्यांना ‘जाझ’ खरोखर जाणून घ्यायचे आहे त्यांनी एकट्या ‘इकारस’वर समाधान मानू नये, १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रेझिलर यांनी काढलेल्या प्रतिकृतीसारखी, मजकुरासह असलेली आवृत्ती एखाद्या कलामहाविद्यालयाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयात मिळाल्यास मागून घ्यावी, आणि ती पहिल्या पानापासून, एकही काळे-पांढरे पान न गाळता, सावकाश उलटावी.